मांडव्याच्या पलीकडचा खारेपाट

मुंबईच्या अपोलो बंदरावरून सुटलेली लाँच साधारणपणे तासाभरात मांडव्याच्या धक्क्याला लागते. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह माणसे आणणारी रो-रो बोटही येथे येऊ लागली आहे. शनिवार आला की मांडव्याला पाहुण्यांची रीघ लागते. ही मंडळी किहीम, वरसोली, नागावच्या वाळूत दोन दिवस घालवतात, ओहोटी असेल तर कुलाबा किल्ल्यात जाऊन येतात, पांढऱ्या कांद्याची माळ विकत घेतात आणि रविवारी संध्याकाळी परततात. अलिबाग तालुका पाहून झाला, अशी त्यांची समजूत असते. खरे सांगायचे तर तालुक्याचा अर्धा भाग त्यांनी पाहिलेलाच नसतो. कनकेश्वराच्या डोंगराच्या पूर्वेला, धरमतर खाडीच्या काठाने पसरलेला खारेपाट त्यांच्या वाटेत येत नाही. आणि मुद्दाम वाट वाकडी करून जावे, असे तेथे काही आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

पाहुण्यांचे सोडा. आपल्या महाविद्यालयात रोज एस.टी.ने येणारी कितीतरी मुले-मुली खारेपाटातीलच आहेत. "तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?" असे त्यांना विचारले, तर बहुतेकांचे उत्तर "काही नाही, नुसता खार" असेच येते. या 'नुसत्या खारा'त काय आहे, तो कोणी आणि कसा केला, आणि तो दुसऱ्यांना दाखवायचा झाला तर कोणी दाखवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भरतीच्या पातळीखालची शेते

खारेपाट म्हणजे खाडीकाठची सपाट, खारवट जमीन. पेण आणि अलिबाग या दोन्ही तालुक्यांत ती आहे. अलिबागच्या बाजूला शहापूर, धेरंड, हाशिवरे, माणकुळे, चरी अशी गावे या पट्ट्यात येतात आणि पोयनाड ही त्यांची बाजारपेठ. नकाशा पाहिला तर अंबा नदी धरमतर खाडीत उतरते आणि ती खाडी रेवसपाशी मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते, असे दिसेल. उधाणाच्या दिवशी या पाण्यात भरती आणि ओहोटी यांमधील अंतर चार मीटरांहून अधिक भरते. म्हणजे दिवसातून दोन वेळा सुमारे दोन पुरुष उंचीचे पाणी खाडीत चढते आणि दोन वेळा उतरते.

आता खारेपाटातील शेताच्या बांधावर उभे राहून पाहा. भरती पूर्ण झाली की खाडीचे पाणी एका बाजूला आणि भाताचे शेत दुसऱ्या बाजूला असे दिसते. आणि पाण्याची पातळी शेतापेक्षा उंच असते. मध्ये फक्त मातीचा बांध. हा बांध नसता तर येथे शेत नसते, गाव नसते. चिखल आणि तिवरांचे रान तेवढे असते. खारेपाट हा आपल्याला वाटतो तसा आपोआप झालेला भूभाग नाही. तो माणसांनी, टोपलीने माती वाहून, समुद्राकडून मागून घेतलेला आहे.

या बाहेरच्या बांधाला येथे 'बाहेरकाठा' म्हणतात. खाडीतील चिकण गाळ थरावर थर रचून तो घालावयाचा, लाटेचा मारा असेल तेथे बाहेरून दगड लावावयाचे, आणि बांधापुढची तिवरे राखावयाची, ही जुनी रीत. तिवरांच्या मुळ्यांत लाटेचा जोर मोडतो आणि गाळ अडतो. बांधापुढे तिवरांचा पट्टा दाट असला की बांधाची झीज कमी होते.

पण नुसता बांध घालून भात पिकत नाही. जमिनीत मीठ असते, ते काढावे लागते. ते काम पाऊस करतो. जूनच्या सुरुवातीच्या सरींनी शेतातील मीठ विरघळते. ते पाणी बाहेर सोडून द्यावयाचे, पुन्हा पावसाचे गोडे पाणी साठू द्यावयाचे. मीठ उतरले की मग पेरणी किंवा लावणी. त्यासाठी खारे पाणी सोसणारी भातेही इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवली. राता या नावाने ओळखली जाणारी तांबड्या तांदळाची भाते त्यांपैकी होत. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने या स्थानिक वाणांवरच पुढे काम केले. शास्त्रज्ञांच्या हाती जे बियाणे आले, ते आधी कुणा आजीच्या कणगीत होते, हे विसरता कामा नये.

उघाडी

पावसाचे पाणी बाहेर जाऊ द्यावयाचे आणि खाडीचे पाणी आत येऊ द्यावयाचे नाही, ही परस्परविरुद्ध वाटणारी दोन कामे एकाच ठिकाणी होतात. त्या ठिकाणाला 'उघाडी' म्हणतात. उघाडी म्हणजे बांधातील दार. या दाराची झडप खाडीच्या बाजूला उघडते. ओहोटी लागून खाडीचे पाणी खाली गेले की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेर ढकलली जाते आणि शेतातील पाणी निघून जाते. भरती येऊ लागली की तेच खाडीचे पाणी झडपेला आत रेटते आणि दार घट्ट बसते. यंत्र नाही, तेल नाही, वीज नाही. चंद्राच्या ओढीने चढणारे-उतरणारे पाणीच स्वतःसाठी दार उघडते आणि लावते.

आपल्याकडेच हे घडले असे मात्र नाही. गोव्यात अशा जमिनीला 'खाजन' म्हणतात आणि उघाडीला 'मानस'. तेथील गावकारी संस्था खाजनांची व्यवस्था पाहत आणि मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होई; आजही अनेक ठिकाणी होतो. पाणी ज्या वाटेने ये-जा करते त्याच वाटेने मासळीही ये-जा करते, हे या लिलावामागचे साधे गणित. खारेपाटातील माणसानेही हे गणित ओळखले. मात्र त्याचा उपयोग त्याने आपल्या पद्धतीने केला.

जिताड्याचे तळे

खारेपाटात गोड्या पाण्याची टंचाई पूर्वापार आहे. जमीन खारट, विहीर खणावी तर पाणी मचूळ. म्हणून पावसाचे पाणी साठवावयाला घराशेजारी तळे खणण्याची चाल पडली. या घराघरांच्या तळ्यांत एक मासा वाढू लागला, तो म्हणजे जिताडा.

जिताड्याची जीवनकथा मोठी विलक्षण आहे. तो वाढतो गोड्या किंवा मचूळ पाण्यात, पण अंडी घालण्यासाठी त्याला खाडीच्या मुखाकडील खारे पाणी लागते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी मेळ साधून, त्याची वीण होते. पिल्ले भरतीबरोबर खाडीत आत शिरतात. डबकी, ओहोळ, तिवरांतील उथळ पाणी गाठतात. दुसरे नवल असे की बहुतेक जिताडे आरंभी नर असतात आणि काही वर्षांनी, अंगाने चांगले वाढल्यावर, मादी होतात. म्हणजे खाडीतले मोठे जिताडे सगळे मारले, तर अंडी घालणारे कोणी उरणार नाही.

खारेपाटातील शेतकऱ्याने ही प्राणिशास्त्राच्या पुस्तकातील वाक्ये वाचली नव्हती. पण पिल्ले कधी आणि कोठे सापडतात हे त्याला पक्के ठाऊक होते. पावसाळ्यात खाडीतून, ओहोळांतून पिल्ले धरावयाची आणि तळ्यात सोडावयाची. जिताडा मांसाहारी आहे. तळ्यातील कोळंबी, बारीकसारीक मासे तो खातो. एवढेच नव्हे, तर मोठा जिताडा लहान जिताड्यालाही सोडत नाही. म्हणून एका तळ्यात सारख्या आकाराची पिल्ले ठेवावी लागतात. एवढी काळजी घेतली की एक-दोन वर्षांत किलो-दोन किलोचा मासा तयार होतो. घरी पाहुणा आला, लग्नाची बोलणी ठरली, जावई सणाला आला, की तळ्यात जाळे पडे. कचेरीतील काम अडले की साहेबांच्या घरी जिताडा पोचवावा, असाही एक रिवाज आपल्या जिल्ह्यात सांगितला जातो. त्यातील थट्टा बाजूला ठेवली तरी एवढे खरे, की शेतकऱ्याजवळ देण्याजोगी मौल्यवान वस्तू म्हणून जी होती ती तळ्यातला जिताडाच होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तळ्यातला जिताडा तळ्यात कधीही वीत नाही. दर पावसाळ्यात नवी पिल्ले खाडीतूनच आणावी लागतात. खाडी स्वच्छ, तिवरे जागच्या जागी आणि उघाडीची वाट मोकळी असेल, तरच घराजवळचे तळे भरलेले राहील. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याची बंदिस्त वीण साधली, आणि आता उबवण केंद्रांतून पिल्ले विकत मिळू शकतात. ही सोय मोठीच आहे. पण विकतच्या पिल्लांनी तळे भरले तरी खाडी भरत नाही. आणि खाडीतील मासळीवर रेवस, बोडणीच्या कोळ्यांची चूल चालते.

एका दूरच्या देशातील तळी

हाच जिताडा ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर सापडतो. तेथे त्याला 'बॅरामुंडी' म्हणतात आणि हा शब्द तेथील मूलनिवासींच्या भाषेतून इंग्रजीत आलेला आहे. गोऱ्यांनी मासा घेतला, त्याबरोबर नावही घेतले. पण मासे पाळण्याची विद्या या लोकांजवळ होती, हे मान्य करावयाला मात्र त्यांना फार काळ लागला. त्या देशाच्या आग्नेय भागातील एक उदाहरण आपल्या विषयाला इतके जवळचे आहे की ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

व्हिक्टोरिया राज्यात बुज बिम नावाचा एक निद्रिस्त ज्वालामुखी आहे. त्यातून वाहून गोठलेल्या काळ्या लाव्हाच्या प्रदेशात गुंडिचमारा जमातीचे लोक हजारो वर्षे राहत आले. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखाच तो दगड. त्या लोकांनी तो हाताने रचून पाण्याचे पाट काढले, बंधारे घातले, तळी केली. कशासाठी? तर कूयांग नावाच्या वाम जातीच्या माशासाठी. हा मासाही जिताड्याप्रमाणे खारे आणि गोडे पाणी या दोहोंत वावरतो. तो अंडी घालावयाला हजारो किलोमीटर दूर उबदार समुद्रात जातो आणि त्याची पिल्ले नदीमुखातून पुन्हा वर चढून येतात. गुंडिचमारांनी पाटांतून त्याला तळ्यांत वळवले, तेथे वाढू दिले आणि बंधाऱ्याच्या फटीत वेताच्या करंड्यासारख्या निमुळत्या विणलेल्या टोपल्या लावून हवा तेव्हा हवा तेवढा धरला. धुरी देऊन टिकवलेला हा मासा ते इतर जमातींशी देवघेवीतही वापरीत. यांतील काही रचना सुमारे ६,६०० वर्षे जुनी असल्याचे संशोधकांनी कालमापनाने दाखवले आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतवाले आले. या लोकांना घर नाही, शेती नाही, ते रानोमाळ भटकणारे आहेत, असे त्यांनी ठरवले. कारण तसे ठरवल्यावर जमीन घेणे सोपे जाते. झगडे झाले, माणसे मारली गेली, उरलेली मिशनमध्ये नेऊन ठेवली गेली. कुरणे वाढवण्यासाठी चर खणून तेथील टे रॅक सरोवराचे पाणी काढून टाकण्यात आले. पाणी गेले तसा मासा गेला. दगडांच्या ओळी मात्र राहिल्या, आणि म्हाताऱ्या माणसांची स्मृती राहिली. तिच्या बळावर पुढच्या पिढ्यांनी न्यायालयात आणि सरकारदरबारी झगडून २००७ मध्ये आपला जमिनीवरील मूळ हक्क मान्य करून घेतला. २०१० मध्ये बंधारा घालून सरोवरात पुन्हा पाणी आणले. २०१९ मध्ये युनेस्कोने बुज बिम परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला. ऑस्ट्रेलियातील केवळ मूलनिवासींच्या सांस्कृतिक कार्यासाठी या यादीत गेलेले हे पहिलेच स्थळ.

आज तेथे जाणाऱ्या पाहुण्यांना गुंडिचमारा वाटाडेच बरोबर घेऊन फिरतात. हा पाट कोणी काढला, पाणी कोणत्या ऋतूत कोठून वळते, हे ते आपल्या पूर्वजांच्या नात्याने सांगतात; आणि आपल्या लोकांवर काय गुदरले हेही लपवून ठेवीत नाहीत. पाहुण्याने दगडांची रांग पाहून नुसते जायचे नसते. ती रांग कोणाची आहे हे ऐकून जायचे असते.

बुज बिम आणि खारेपाट यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. काळ वेगळा, लोक वेगळे, इतिहास वेगळा. परंतु ज्यांनी जमीन घडवली त्यांचे नाव जमिनीच्या दप्तरात लागले नाही, हे दुखणे मात्र आपल्याही ओळखीचे आहे.

बांध कोणाचा?

तेव्हाचा कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड झाला. या जिल्ह्याच्या १८८३ सालच्या सरकारी गॅझेटियरमध्ये खारजमिनीच्या 'शिलोत्री' पद्धतीचे वर्णन आहे. खाजगीरीत्या बांध घालून जमीन काढणारे शिलोत्रदार, त्यांनी घ्यावयाचा हिस्सा, बाहेरचा बांध राखण्याची त्यांची जबाबदारी, हे सर्व त्यात येते. पुढे या भागात खोतांचे वर्चस्व वाढले. बांधावर चिखल टाकणारा, गुडघाभर पाण्यात लावणी करणारा कूळ. आणि पिकाचा मोठा वाटा नेणारा खोत.

याविरुद्ध खारेपाटाने जे केले ते भारतातील शेतकरी चळवळीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. १९३३ साली चरी येथे सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांतील कुळांनी संप पुकारला. खोताची जमीन कसावयाची नाही! हा संप १९३९ पर्यंत टिकला. सहा वर्षे शेते पडीक राहिली, उपासमार सोसली, पण माणसे हटली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शेतकऱ्यांची बाजू उचलली आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ चा कूळकायदा, त्यानंतर १९४८ चा कूळवहिवाट कायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, या वाटेने जमीन अखेर कसणाऱ्याच्या नावावर येऊ लागली.

बांधाचे काय झाले? गावकऱ्यांनी एकत्र येऊन श्रमदानाने बाहेरकाठा दुरुस्त करण्याचा एक रिवाज येथे होता. त्याला 'जोळ' म्हणत. बांध एका ठिकाणी फुटला तर पाणी सगळ्यांच्या शेतात शिरणार, तेव्हा दुरुस्तीही सगळ्यांनीच करावयाची, हे त्यामागचे तत्त्व. १९४८ मध्ये मुंबई सरकारने खारजमिनींसाठी कायदा करून मंडळ नेमले. १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला. मोठे बांध सरकारी योजनांत गेले. सरकारने जबाबदारी घेतली ही गोष्ट चांगलीच होती. पण हळूहळू 'बांध सरकारचा' असे म्हणण्याची सवय लागली, जोळ मागे पडला, आणि सरकारी दुरुस्ती मंजुरी, निविदा, निधी अशा वाटेने येईपर्यंत पुढचे उधाण येऊन जाते. खांड पडते ती एका रात्रीत. ती पहिल्या चार दिवसांत बुजवली नाही तर प्रत्येक भरती तिला रुंद करीत जाते. खाडीतून ये-जा करणाऱ्या मोठ्या बार्जेसच्या लाटांनी बांध झिजतात, अशी गावकऱ्यांची तक्रार आहे. शिवाय तरुण मुले कारखान्यांत, मुंबईत, पनवेलला नोकरीला. उधाणाच्या रात्री बांधावर कंदील घेऊन फिरणार कोण?

एकदा खारे पाणी शेतात शिरले की ती जमीन पुन्हा पिकावयाला दोन-तीन पावसाळे लागतात. आणि खांड बुजवली नाही, तर पुढे शेतातच तिवरे उगवतात. येथे एक पेच उभा राहतो. तिवरांचे रान हे किनाऱ्याचे कवच आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये त्याच्या तोडीला बंदी केली, हे योग्यच झाले. पण बांधाबाहेरचे तिवर आणि बांध फुटल्यामुळे भाताच्या शेतात आलेले तिवर यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले त्याच्या बांधाचे रक्षण करते. दुसरे त्याला आपल्याच जमिनीत पाऊल टाकू देत नाही. तिवराचा शत्रू म्हणून शेतकऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी तो बांध कोणी आणि केव्हा फुटू दिला, हे विचारले पाहिजे.

पाहुण्यांना काय दाखवावे?

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि रायगड मुंबईला आणखी जवळ आला. मांडव्याला उतरणाऱ्यांची संख्या वाढतीच राहणार. जमिनीचे भाव चढतात, तसतसे खारेपाटातील पडीक झालेले शेतही विकाऊ वाटू लागते. अशा वेळी "येथे काही नाही, नुसता खार" हे वाक्य गावकऱ्यानेच उच्चारले, तर घेणाऱ्याचे काम फारच सोपे होते. गुंडिचमारांच्या सरोवराचे पाणी काढून टाकणाऱ्यांनीही असेच म्हटले होते. खारेपाट लोकांना दाखवला पाहिजे असे म्हणण्याचे कारण हेच.

असे दाखवण्याचा एक चांगला पाठ आपल्याच कोकणात आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या स्त्रिया २०१७ पासून पाहुण्यांना होडीतून तिवरांची सफर घडवीत आहेत. वल्हे त्यांच्या हाती, माहिती त्यांच्या तोंडी आणि पैसाही त्यांच्याच घरी. मग धरमतर खाडीच्या काठी हे का होऊ नये?

खारेपाटची फेरी आखावयाची तर प्रथम पंचांग पाहावे लागेल. भरतीची वेळ काढण्याचा आपल्या किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावयाचे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. पाहुण्याला उधाणाच्या भरतीला बांधावर उभे करावे. एका बाजूला चढलेले पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली शेत हे दृश्य त्याने एकदा पाहिले, की बांध म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. मग उघाडीजवळ थांबून झडप लागताना आणि ओहोटीला उघडताना पाहावी. तेथून शेतात, श्रावणात गेलात तर भात पोटरीकडे झुकलेले, मार्गशीर्षात गेलात तर खळे. शेवटी तळ्याकाठी जाळे टाकलेले पाहावे आणि गावातल्याच घरी जेवावे.

पण काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. वाटाड्या गावचा असावा; बाहेरून पाठांतर करून आलेला नको. फेरीतून मिळणाऱ्या पैशातला ठरलेला भाग बांध-उघाडीच्या दुरुस्तीसाठी गावाच्या हाती राहावा; नाहीतर बांध फुटेल आणि दाखवायला तिवरांत बुडालेले शेत तेवढे उरेल. पाहुण्यांच्या हौसेसाठी खाडीतील पिल्ले ओरबाडली जाऊ नयेत. खाडीत खेकडे आणि मासे धरून पोट भरणारे कातकरी बांधव कोणाच्या कॅमेऱ्याचा विषय होऊ नयेत; त्यांच्याजवळ खाडीचे जे ज्ञान आहे, ते सांगण्याची त्यांची इच्छा असेल तर त्यांना वाटाड्याचे मानधन मिळावे. आणि चरीच्या संपाची हकीकत वगळून खारेपाट दाखवू नये. तो भाग गाळला तर मागे नुसती माती आणि पाणी राहील.

आपण काय करू शकतो?

ही फेरी उद्याच सुरू होईल असे नाही. तिच्या आधीचे एक काम मात्र उद्यापासून सुरू करता येईल, आणि ते विद्यार्थ्यांचे आहे. बाहेरकाठ्याच्या कोणत्या भागाला काय नाव आहे, कोणती उघाडी कोणत्या सालच्या उधाणात वाहून गेली, जोळाला हाक कोण देई, राताचे बियाणे शेवटी कोणाच्या घरी होते, जिताड्याची पिल्ले कोणत्या नक्षत्रात येत, याची उत्तरे पुस्तकांत मिळणार नाहीत. ती आपल्या आजोबा-आजींजवळ आहेत. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी बांधांचे नकाशे काढावेत, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी संपाच्या आठवणी लिहून घ्याव्यात, मराठीच्या विद्यार्थ्यांनी खारेपाटाच्या बोलीतील पाण्याचे, मातीचे, मासळीचे शब्द गोळा करावेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कोठे ना कोठे भरतेच. ते एखाद्या वर्षी बाहेरकाठ्यावर भरवावे आणि जोळाची एक पाळी आपणही करून पाहावी. प्राध्यापकांनी यात लक्ष घातले तर पुढच्या अंकात त्या नोंदी छापताही येतील.

बुज बिमच्या लोकांजवळ दगडांच्या ओळी शिल्लक होत्या. पाणी सोडून कित्येक वर्षे लोटली तरी दगड जागचे हलले नाहीत, म्हणून पुढच्या पिढीला ते पुन्हा वाचता आले. आपला बांध मातीचा आहे. त्याला दोन पावसाळे हात लावला नाही तर तो खाडीत विरघळून जातो, आणि त्याच्याबरोबर तो घालणाऱ्यांची खूणही जाते. म्हणून खारेपाटातील गोष्टी ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्याजवळ या सुट्टीत जाऊन बसणे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्याजोगे काम आहे. आणि त्यासाठी मांडव्याला येणाऱ्या पुढच्या बोटीची वाट पाहण्याचे कारण नाही.